उजवीकडची चित्रं

जयवंत राऊतांना झटका आला तो दिवाळीनंतर, सकाळी दाढी करताना. हातातला आरसा आधी फरशीवर पडला आणि पाठोपाठ ते स्वतः स्टुलावरून डाव्या अंगावर कलंडले. सत्यवती मागच्या पडवीत नारळ सोलत होती. आवाज ऐकून ती धावत आली, तेव्हा नवरा शुद्धीवर होता, फक्त तोंड वाकडं झालं होतं. वसईजवळच्या उमेळ्याच्या नाक्यावरून रिक्षा मिळाली आणि इस्पितळ वेळेवर गाठलं, म्हणून जीव वाचला. बोलणं शाबूत राहिलं, उजवा हातही शाबूत राहिला. डावा हात मात्र मांडीवर पडून राहायचा आणि डावा पाय ओढत न्यावा लागायचा.

एवढ्याची सत्यवतीने मनाची तयारी केली होती. घरी आणल्यावर जे दिसलं त्याची केली नव्हती. पहिल्याच दिवशी तिने ताट वाढलं, तर त्यांनी भाताचा उजवा अर्धा ढीग खाल्ला, डावा तसाच ठेवला आणि विचारलं, आज मासळी आणली नाही का. तळलेले बोंबील ताटातच होते, डाव्या बाजूला. तिने ताट फिरवलं. बोंबील उजवीकडे आले तसे ते खूश होऊन खाऊ लागले आणि म्हणाले, आधी का नाही वाढलेस. दाढी करायचे ती अर्ध्याच गालाची. कोणी डावीकडून हाक मारली, तर मान उजवीकडे वळवून माणूस शोधायचे.

डॉक्टरांनी समजावलं की डोळ्यांत दोष नाही. रक्ताची गुठळी अडकून मेंदूच्या उजव्या भागाला मार बसला की असं होतं. डावीकडे अंधार दिसतो असंही नाही. डावीकडे काही आहे हे त्या माणसाला वाटतच नाही. सुधारणा होईल, पण घरच्यांनी मुद्दाम डावीकडे बसायचं, डावीकडून बोलायचं आणि पुनःपुन्हा मान वळवायला लावायची. सत्यवतीने त्या दिवसापासून आपली बसायची जागा बदलली.

जयवंत नोकरीने ड्राफ्ट्समन. उमर सगळी यंत्रांच्या भागांचे नकाशे काढण्यात गेली, आधी मुंबईत आणि मग वालीवच्या एका कारखान्यात. कारखान्यात कॉम्प्युटर आले आणि त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. पण त्यांचा खरा जीव जलरंगात. गावातली एखादी माडांची वाडी बिल्डरकडे गेली असं कानावर आलं की येत्या रविवारी ते बोर्ड बगलेत मारून तिथे हजर. तुटायच्या आधी ती कागदावर यायला हवी, असं त्यांचं म्हणणं. आधी पट्टीने पेन्सिलीच्या रेघा, मग त्यात रंग. जिथे माड तिथे माड, जितकी पायरी तितकीच पायरी. बघणारा म्हणायचा, अगदी फोटो. जयवंतांना याहून मोठी शाबासकी नको असायची. त्यांचा कारखान्यातला जुना दोस्त रुडॉल्फ, नंदाखालचा, याचं चित्रांना फ्रेम करायचं दुकान होतं. तो दर दिवाळीला एखादं चित्र फुकट मढवून द्यायचा. सत्यवतीला त्यांनी चित्राविषयी कधी विचारलं नाही आणि तिनेही आपणहून कधी काही सांगितलं नाही. तिला ती चित्रं तलाठ्याच्या नकाशासारखी वाटायची, पण हे बोलून दाखवण्यासारखं थोडंच होतं.

संक्रांतीच्या सुमारास त्यांनी बोर्ड मागितला. सत्यवतीने वाडीतल्या बावखलाकाठी खुर्ची टाकली. बावखल म्हणजे माडा-केळींना शिंपण्यासाठी पूर्वजांनी खणलेलं तळं. समोर पाणी, पलीकडे माड, डाव्या अंगाला उतरती दगडी पायरी. बोर्ड टेबलाला चिमट्यांनी पक्का केला आणि ती स्वतः त्या पायरीवर वालाच्या शेंगा सोलत बसली, डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणून. दुपारपर्यंत ते रंगवत होते. मग ब्रश पाण्यात घालून म्हणाले, झालं.

तिने जवळ येऊन पाहिलं. कागदाच्या उजव्या बाजूला माड होते, पण नेहमीचे ताठ उभे नव्हेत. एकाच फटकाऱ्यात वर गेलेले, शेंड्याला हलणारे. पाणी हिरवं, काळं, कुठे कागदच चमकत राहिलेला. ते पाणी मध्यापर्यंत येता येता पातळ होत गेलं होतं आणि पुढे काहीच नव्हतं. पायरी नव्हती. पायरीवर बसलेली ती नव्हती. नुसता पांढरा कागद.

सत्यवती आधी घाबरली. मग ती पुन्हा पाहू लागली आणि बराच वेळ पाहत राहिली. ओल्या पाण्याचा गारवा पायाला लागतो आहे असं तिला वाटलं. इतक्या वर्षांत नवऱ्याच्या चित्राने तिला असं कधी झालं नव्हतं. तिने चित्र वाळत ठेवलं आणि ती चुलीकडे गेली.

हेमांगी त्यानंतर आली. मूळची चिपळूणची, आता वसई रोडला स्टेशनजवळच्या सोसायटीत आईवडिलांबरोबर राहणारी, मुंबईत मानसशास्त्रात पीएच.डी. करणारी मुलगी. तिच्या संशोधनाचा विषय असा, की चित्र काढणाऱ्याच्या मेंदूला इजा झाली तर त्याच्या चित्रात काय बदलतं आणि बघणाऱ्यांना ते चित्र कसं वाटतं. फिजिओथेरपी करणाऱ्या बाईंकडून तिला जयवंतांचं नाव कळलं होतं. सत्यवतीला आधी हे पटलं नाही. आजारी माणूस काय बघायची वस्तू आहे? पण मुलगी शांत होती, चपला बाहेर काढून आत आली, आणि काका नको म्हणाले तर मी आत्ता उठून जाईन, असं आधीच सांगून मोकळी झाली. जयवंत नको म्हणाले नाहीत. आजारपणात भेटायला येणारे सगळे गोळ्यांची चौकशी करायचे. चित्रांची चौकशी करणारी ही पहिलीच.

तिने त्यांना घड्याळ काढायला सांगितलं. त्यांनी गोल छान काढला आणि सगळे आकडे उजव्या अर्ध्या भागात दाटीवाटीने बसवले. फूल काढायला सांगितलं, तर पाकळ्या एकाच बाजूला. मग तिने बावखलाचं चित्र समोर धरून विचारलं, हे पूर्ण झालंय का, काका? ते म्हणाले, झालंय की. तिने चित्र उलटं केलं, खालचं वर. आता कोरी बाजू त्यांच्या उजव्या हाताला आली. जयवंत थबकले.

"हा तर कोरा आहे," ते म्हणाले. "सरळ कर बघू."

तिने सरळ केलं. त्यांनी नीट निरखलं, मान हलवली.

"आता पूर्ण दिसतंय."

जयवंत ड्राफ्ट्समन होते. एकाच कागदाविषयीच्या या दोन गोष्टी एकत्र खऱ्या असू शकत नाहीत, एवढं त्यांना कळत होतं. डॉक्टरांचं म्हणणं त्यांनी त्या दिवशी खऱ्या अर्थाने मान्य केलं.

पुढे हेमांगी नेमाने येत राहिली. तिने सुचवल्यावरून कागदाच्या डाव्या कडेला लाल चिकटपट्टी लावायला सुरुवात झाली. रंगवताना लाल दिसेपर्यंत मान वळवायची, असा नियम. त्या बाजूला सत्यवती. भाजी निवडताना, तांदूळ पाखडताना तिचं एकीकडे चालूच असायचं, "इकडं बगा. अजून इकडं." हळूहळू रंग सरकत लाल चिकटपट्टीच्या दिशेने येऊ लागला. माघ संपता संपता केळीचे खुंट डावीकडे उगवले, होळीला पायरीचा वरचा दगड आला. ताटातला भात पुरा संपू लागला. दाढी दोन्ही गालांची होऊ लागली. फिजिओथेरपीच्या बाईंनी सत्यवतीची पाठ थोपटली.

सत्यवतीला आनंद होत होताच. पण एक गोष्ट तिने कोणाला सांगितली नाही. नवऱ्याचा रंग डावीकडे सरकला की तिचं मन किंचित खट्टू व्हायचं. ती पहिली चित्रं ती अधूनमधून एकटी असताना काढून पाहायची. आजारी माणसाचं आजारपण आपल्याला आवडतंय की काय, या विचाराने तिला स्वतःचाच राग यायचा, आणि दुसऱ्या दिवशी ती अधिकच जोराने "इकडं बगा" म्हणायची.

हेमांगीने सगळ्या चित्रांचे फोटो काढून नेले, झटक्याआधीच्याही आणि नंतरच्याही. ते तिने अनोळखी लोकांना दाखवले. कॉलेजातली मुलं, बँकेतले कारकून, चित्रकलेच्या शाळेतले काही शिक्षक. कोणाची चित्रं, कधीची, काही सांगितलं नाही. फक्त कुठलं जास्त आवडलं आणि का, एवढं विचारलं. मे महिन्यात जयवंतांनी तिला निकाल विचारला. ती टाळू लागली. अजून आकडेमोड बाकी आहे, गाइडना दाखवायचं आहे. जयवंतांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, माझीच चित्रं आहेत, मला कळायला हवं.

तेव्हा तिने सांगितलं. बहुतेकांनी झटक्यानंतरची पहिली चित्रं निवडली होती. चित्रकलेच्या शिक्षकांनी तर जवळजवळ सगळ्यांनीच.

"का म्हणाले?"

हेमांगीने आठवून आठवून सांगितलं. कोणी म्हणालं, चित्रात हवा आहे. कोणी म्हणालं, मोकळी जागा सोडायचं धाडस आहे. एका शिक्षकाने म्हटलं होतं, याला कुठे थांबायचं ते कळलंय. आणि जुन्या चित्रांविषयी म्हटलं होतं, की ती स्वच्छ आहेत.

जयवंत बावखलाकडे वळले.

"धाडस कसलं," ते म्हणाले. "मी जागा सोडलीच नव्हती. माझ्या लेखी तिथे जागाच नव्हती. माझ्या चाळीस वर्षांच्या मेहनतीपेक्षा माझ्या डोक्यातली रक्ताची गुठळी बरी चित्रकार निघाली, असंच ना?"

हेमांगी म्हणाली, तसं नाही काका. ती गेल्यावर जयवंतांनी बोर्ड भिंतीकडे तोंड करून ठेवायला सांगितला.

आठवडे गेले, त्यांनी ब्रश हातात घेतला नाही. व्यायाम करायचे, पेपर वाचायचे, दोन्ही पानं नीट वाचायचे. पोटच्या मुलीने, उन्नतीने, पुण्याहून फोन करून विचारलं तर म्हणाले, कंटाळा आलाय. रुडॉल्फ भेटायला आला. त्याने अर्धी चित्रं पाहिली आणि तो हरखून गेला. नंदाखालला चर्चच्या हॉलमध्ये गावातल्या कलाकारांचं प्रदर्शन भरायचं होतं, तिथे हीच लावू म्हणाला, आणखी अशी चार करून दे. त्याला वाटलं, दोस्ताला हुरूप येईल.

दुसऱ्या दिवशी जयवंतांनी खरंच बोर्ड मागितला. सत्यवती लाल चिकटपट्टी लावू लागली, तर नको म्हणाले. त्यांनी पुन्हा तेच बावखल घेतलं, उजवीकडून सुरुवात केली आणि मध्याशी येऊन मुद्दाम थांबले. पाणी पातळ केलं. डावी बाजू कोरी ठेवली. मग खुर्ची मागे सरकवून पाहिलं. पायरी त्यांना आता समोर स्वच्छ दिसत होती आणि ती गाळल्याचंही चित्रात स्वच्छ दिसत होतं. कोरी जागा एखाद्या बंद दारासारखी वाटत होती. त्यांनी तो कागद काढला आणि नवा लावला, पुन्हा तेच. तिसऱ्या कागदाला त्यांनी हात लावला नाही.

सत्यवती पायरीवर बसली होती. त्यांनी मान वळवून, सवयीने नाही तर मुद्दाम, तिच्याकडे पाहिलं.

"तुला कुठली आवडतात गं?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा प्रश्न पहिल्यांदाच आला. खोटं बोलणं सोपं होतं. सगळीच आवडतात म्हटलं असतं तर त्यांनी पुढे विचारलंही नसतं. तिने हातातली सुरी खाली ठेवली.

"आजारातली," ती म्हणाली. "पयली तीन-चार."

तिला वाटलं, अर्धं बोलून सोडणं वाईट.

"तुमच्या आधीच्या चित्रात समदं असतं, पन पानी ओलं नसतं. त्या चित्रात पानी ओलं आहे. बगून मला पाय बुडवावासा वाटला. आनि त्याच चित्रात मी नाय. तुमी काढत होता तवा मी इथंच बसले होते, अशीच. तुमाला मी दिसले नाय. मग सांगा, मी त्याच्यावर खूश होऊ का रडू? चित्र आवडलं म्हनून मी तुमाला तसंच ठेवलं नाय. रोज इकडं बगा, इकडं बगा करत राहिले."

तिचा आवाज चढला नव्हता. जयवंतांनी उजव्या हाताने डावा हात उचलून मांडीवर नीट ठेवला, जसा ते विचार करताना ठेवायचे. मग ते त्या हाताकडे बघू लागले.

"पट्टी धरायला हा नव्हता," ते एकदम म्हणाले.

सत्यवतीला कळलं नाही. त्यांनी समजावून सांगितलं. आखायची पट्टी डाव्या हाताने दाबून धरायची आणि उजव्याने रेघ मारायची, हीच त्यांची आयुष्यभराची पद्धत. झटक्यानंतर डावा हात मेला, तर पट्टी धरणार कोण? म्हणून पेन्सिलीचा नकाशाच काढला नाही. थेट रंगाला हात घातला. मग डावा हात थोडा जागा झाला, आणि चैत्रापासून त्यांनी पुन्हा पट्टीवर मूठ टेकून रेघा मारायला सुरुवात केली होती. डावी बाजू परत आली आणि पट्टीही परत आली, दोन्ही एकदमच. लोकांना आवडली ती नेमकी कुठली गोष्ट, अर्धा कागद कोरा राहिला ती की पट्टी नव्हती ती, हे त्या मुलीला ठाऊक नाही. कोणालाच ठाऊक नाही.

हेमांगी आली तेव्हा त्यांनी हेच तिला सांगितलं. ती ऐकत राहिली आणि मग स्वतःवरच हसली. इतके महिने ती आणि तिच्या गाइड मेंदूच्या उजव्या-डाव्या भागांवर चर्चा करत होत्या, हात कोणाच्याच लक्षात आला नव्हता. अर्थात नुसतं असं म्हणून भागणार नव्हतं, ते तपासायला हवं होतं. दोघांनी मिळून ठरवलं. जयवंतांनी काही चित्रं पट्टी घेऊन काढायची आणि काही पट्टीशिवाय, सगळी पूर्ण कागदावर, आणि ती पुन्हा अनोळखी लोकांना दाखवायची.

पट्टीशिवाय काढणं त्यांना जड गेलं. पहिल्यांदा हात आपोआप खिशाकडे पेन्सिल शोधायला जायचा. माड तिरके व्हायचे, रंग वाहायचा, ते स्वतःवर चिडायचे आणि कागद बोळा करून टाकायचे. पण आता सत्यवतीला ते विचारू लागले होते आणि ती सांगू लागली होती. हे आभाळ जड झालं. हा माड गणपतीच्या मखरातला वाटतो. इथं हात लावू नका, इथं बरं आहे. ती चित्रकलेतलं काही शिकली नव्हती आणि तिचं सगळंच बरोबर असायचं असंही नाही. कित्येकदा ते ऐकायचे नाहीत.

दुसऱ्या खेपेचा निकाल श्रावणात आला आणि तो कोणाच्याच बाजूने सरळ लागला नाही. पट्टीशिवायची नवी चित्रं लोकांना पट्टीवाल्यांपेक्षा नक्की आवडली होती. पण आजारातली पहिली चित्रं अजूनही त्यांच्या वर होती, थोडीशी. चित्रकलेच्या शिक्षकांचं एकमत मोडलं होतं. हेमांगीने प्रबंधात प्रामाणिकपणे लिहिलं, की काही बदल मेंदूच्या इजेमुळे आणि काही हाताच्या अडचणीमुळे झालेले दिसतात, आणि एका माणसावरून दोन्ही वेगळे काढता आले नाहीत. तिच्या गाइडना हा भाग जरा लंगडा वाटला, पण त्यांनी तो राहू दिला. जयवंतांना मात्र तो ऐकून समाधान वाटलं.

"थोडीशी वर," ते म्हणाले. "चालेल. तेवढं मी गुठळीला देऊन टाकतो."

नंदाखालच्या प्रदर्शनात रुडॉल्फने बावखलाचं ते पहिलं अर्धं चित्र लावलं आणि शेजारी पट्टीशिवायचं एक पूर्ण. कुठल्याही चित्राखाली आजाराचा उल्लेख करायचा नाही, अशी जयवंतांची अट होती. लोक अर्ध्या चित्रापुढे जास्त वेळ थांबत होते, हे सत्यवतीने पाहिलं. जयवंतांनीही पाहिलं. हॉलच्या एका कोपऱ्यात काठीवर भार देऊन ते उभे होते. एका कॉलेजातल्या पोराने त्यांना विचारलं, ही बाजू कोरी का ठेवली अंकल? जयवंत म्हणाले, त्या दिवशी तेवढंच दिसलं. पोराला ते उत्तर फार खोल वाटलं असावं. तो मान डोलवत पुढे गेला आणि इकडे राऊत नवरा-बायकोला हसू आवरेना.

पुढच्या वर्षी हेमांगीला पदवी मिळाली आणि ती पुण्याला नोकरीला लागली. जयवंतांचा डावा हात पुरता कधीच सुधारला नाही, पण आधारापुरता झाला. उमेळ्यातल्या वाड्या जात राहिल्या आणि ते जमेल तेव्हा रिक्षाने जाऊन त्या काढत राहिले. आता मोजणी तितकीशी बरोबर नसायची. एका ओळखीच्याने चित्र पाहून तक्रार केली, की आमच्या विहिरीला कठडा होता तो कुठे गेला? जयवंतांनी त्याला पूर्वीसारखं दुरुस्त करून दिलं नाही.

एक दिवस ते वाडीऐवजी गावाबाहेरची नवी इमारत काढायला बसले होते. बांबूच्या परांच्या अजून उतरवल्या नव्हत्या. सत्यवती शेजारी होती, कुठल्या बाजूला याचा आता दोघांनाही विचार करावा लागत नव्हता. तिने चित्र पाहिलं आणि म्हणाली, खालची सावली फार काळी झाली. जयवंतांनी डोळे बारीक करून आधी चित्राकडे पाहिलं, मग इमारतीकडे, आणि म्हणाले, नाही, आहेच तेवढी काळी. तिला पटलं नाही. त्यांनी सावली तशीच ठेवली आणि दोघं रिक्षा शोधायला उठली.